रहाटापासून ६०८पर्यंत

माझी भाची पुण्यात इनलाइन हॉकी खेळते. बर्फावरच्या हॉकीचं हे कोरड्या जमिनीवरचं भावंड. पायात एका रांगेत चार चाकं असलेले बूट, हातात काठी, चेंडूऐवजी चकती, आणि प्रत्येक बाजूला चार खेळाडू व एक गोलरक्षक. तिच्या बुटांची बेअरिंगं बदलायची वेळ आली तेव्हा तिनं निरोप पाठवला, "मामा, एबेक ७ घेऊ की एबेक ९? नऊची किंमत जवळजवळ दुप्पट आहे." मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात तीस वर्षं काढली आणि आता रेवदंड्याला गावच्या घरात राहतो, त्यामुळे आमच्या कुटुंबात जे काही फिरतं आणि फिरायचं थांबतं, त्याबद्दलचे प्रश्न माझ्याकडे येतात. तिला उत्तर दोन ओळींत दिलं. पण त्या दोन ओळींमागचा इतिहास फोनवर मावणारा नव्हता, म्हणून हा लेख.

सांगायची गोष्ट आधीच सांगून टाकतो. फिरणाऱ्या वस्तूंमधलं घर्षण कमी करण्याची लढाई माणसानं फार पूर्वी सुरू केली आणि साधारण शंभर वर्षांपूर्वी ती बऱ्यापैकी जिंकली. आज चाकांच्या बुटातलं बेअरिंग मरतं ते वेगळ्याच कारणानं. दुकानातले आकडे मात्र अजून त्या जिंकलेल्या लढाईचेच आहेत, आणि आईबाप पैसे मोजतात ते त्या आकड्यांसाठी.

वाडीतलं घर्षण

रेवदंडा अष्टागरात मोडतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, मधे नारळी-पोफळीच्या वाड्या. पोफळीला पावसाळा सोडला तर बाकी वर्षभर पाणी द्यावं लागतं, आणि विजेचे पंप येईपर्यंत हे पाणी विहिरीतून रहाटानं निघत असे. बैल किंवा रेडा गोल फिरायचा. त्याच्या जोखडाला बांधलेल्या दांड्यानं एक आडवं दातेरी चाक फिरायचं, त्याचे लाकडी दात दुसऱ्या उभ्या चाकात अडकायचे, आणि उभ्या चाकावरची गाडग्यांची माळ विहिरीत रिकामी उतरून भरलेली वर यायची. पाणी पन्हळीत पडायचं आणि पाटानं वाडीभर जायचं. मराठीत संसाराला रहाटगाडगं म्हणतात ते याच यंत्रावरून.

या यंत्रातला प्रत्येक सांधा म्हणजे लाकडावर घासणारं लाकूड. त्यामुळे रहाट कुरकुरायचा, आणि ती कुरकुर घरातल्या ओटीपर्यंत ऐकू यायची. जुनी माणसं सांगत, की या आवाजाचा उपयोगच होता. आवाज थांबला म्हणजे बैल थांबला, एवढं घरबसल्या कळायचं. आवाजाची पट्टी बदलली तर कुठला तरी सांधा कोरडा पडला किंवा झिजला, हेही कळायचं.

कोरडा पडला की तेल. तेल गावातलंच. कोकणपट्टीतल्या बेने इस्राएल समाजाला इथे 'शनवार तेली' म्हणत. तेल काढणं हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव. रेवदंड्यात त्यांचं एकोणिसाव्या शतकातलं सिनगॉग अजून उभं आहे. घाणा हेसुद्धा घर्षणाचंच यंत्र. उखळात लाट फिरते, बिया चिरडतात, तेल सुटतं. गंमत अशी, की या यंत्राला घर्षण हवंही असतं आणि नकोही असतं: बियांवर हवं, बैलाच्या खांद्यावर नको.

बैलगाडीचंही तसंच. लोखंडी आखावर तुंबा फिरतो आणि मधे वंगण. देशावर आणि कोकणात दोन्हीकडे वंगण म्हणजे बहुतेक एरंडेल, त्यात भिजवलेल्या चिंध्या किंवा काथ्या. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. वाटेत आख तापला, चाक ओरडायला लागलं, की थांबून वंगण घालायचं.

या सगळ्याला यंत्रशास्त्रात घसरणारं घर्षण म्हणतात. एक पृष्ठभाग दुसऱ्यावरून घसरतो, मधे तेलाचा पातळ थर असला तर निभतं, तो तुटला की उष्णता आणि झीज. वाडीतल्या सुताराला हे शब्द माहीत नव्हते, पण तीन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. जागेला शोभेल ते लाकूड निवडायचं, तेल वेळेवर घालायचं, आणि कान उघडे ठेवायचे. शिवाय रहाटाचा सांधा उघडा असे. त्यात वाळू शिरे तशी निघूनही जाई, आणि मिनिटाला दोन-तीन फेरे घेणाऱ्या चाकाला तिचं फारसं सोयरसुतकही नसे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

गोळ्यांवर फिरणं

घासण्याऐवजी गडगडवावं ही कल्पनाही जुनी आहे. रेवदंड्याला लागून असलेलं चौल हे प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात 'सेमिला' नावाचं बंदर येतं, ते चौल असल्याचं अभ्यासक मानतात. रोमन साम्राज्यातली जहाजं या किनाऱ्याला लागत होती त्याच शतकात, रोमजवळच्या नेमी सरोवरात सम्राट कॅलिग्युलानं दोन प्रचंड जहाजं बांधली होती. १९३०च्या आसपास सरोवराचं पाणी उपसल्यावर ती सापडली, आणि त्यांत एका फिरत्या चौथऱ्याचे अवशेष मिळाले. चौथरा कांस्याच्या गोळ्यांवर फिरत होता. ती जहाजं १९४४ साली आगीत गेली, पण गोळ्यांवर फिरण्याची कल्पना दोन हजार वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आली होती याचा पुरावा मागे राहिला.

मग मधली अठरा शतकं काय झालं? अडचण होती गोळ्याच्या गोलाईची. रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्यात सातखणी मनोऱ्याच्या पायथ्याशी तोफांचे लोखंडी गोळे अजून पडलेले दिसतात. एखादा हातात घेऊन फिरवून पाहा. साच्याची शिवण जाणवते, खड्डे जाणवतात, गोळा थोडा लंबुळका असतो. तोफेला हे चालत असे, कारण गोळा आणि नळी यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असे. पण असेच सात-आठ गोळे एका खोबणीत बसवून त्यांवर आस फिरवला, तर सगळा भार जो गोळा जरासा मोठा त्याच्यावर येणार, आणि तो फुटणार. गोळ्यांचं बेअरिंग चालायचं असेल तर सगळे गोळे गोल हवेत आणि शिवाय एकमेकांसारखे हवेत. हे दुसरं कलम जास्त अवघड.

१७९४ साली वेल्समधल्या फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदारानं घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल कारागिरानं सायकलच्या चाकासाठी घेतलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर यानं अशी बेअरिंगं असलेल्या सायकलवर जिंकली. पण गोळे अजून हातानंच घासून बनत होते. खरी कोंडी फुटली १८८३ साली, जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात. फ्रीडरिश फिशर यानं पोलादी गोळे मोठ्या संख्येनं, एकसारखे आणि गोल घासणारं यंत्र तयार केलं. आजही पद्धत मुळात तीच आहे. तारेचे तुकडे पाडायचे, साच्यात दाबून ढोबळ गोळे करायचे, कडक करायचे, आणि दोन खोबणीदार तबकड्यांमध्ये तासन्‌तास गडगडवत घासायचे. गोळा प्रत्येक फेरीला वेगळ्या अंगावर वळतो, उंचवटा असेल तो आधी घासला जातो, आणि शेवटी सगळे सारखे होतात.

त्याच सुमारास, १८८२ साली, हाइनरिश हर्ट्झ यानं दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की किती चपटे होतात याचं गणित मांडलं. म्हणजे गोळा बनवायचं यंत्रही आलं आणि तो किती भार सोसेल हे सांगणारं गणितही आलं. १९०७ साली स्वीडनमधल्या एका कापडगिरणीतला अभियंता स्वेन विंगक्विस्ट यानं स्वतःला सरळ करून घेणारं बेअरिंग काढलं. गिरणीखालची जमीन खचत होती, लांबलचक दांडे वाकडे होत होते आणि बेअरिंगं जळत होती, हे त्याचं दुखणं. त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. कापडगिरण्यांच्या मुंबईला हे दुखणं समजावून सांगायची गरज नव्हती. १९२३पासून एसकेएफ भारतात आहे.

बुटाला चाकं

चाकांचे बूट याहून जुने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन हा बेल्जियन कारागीर चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि थेट भिंतीवरच्या महागड्या आरशावर आदळला, अशी गोष्ट सांगतात. त्याला वळता येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. वळायची सोय १८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यानं केली. दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकं, आणि त्यांच्या वर रबराची गादी. पाय कलवला की चाकं वळू लागली. १८८४ साली शिकागोच्या लेव्हंट रिचर्डसन यानं बुटाच्या चाकात पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. फिशरच्या यंत्रानंतर अवघ्या वर्षभरात. गोळे स्वस्त झाल्याबरोबर ते आधी पायात आले.

पुढची मोठी पायरी १९७०च्या दशकातली. लाकडाची आणि कडक मिश्रणांची चाकं जाऊन पॉलियुरेथेनची आली, आणि सुटे छर्रे जाऊन बंदिस्त बेअरिंगं आली. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात स्कॉट ओल्सन या हॉकी खेळणाऱ्या तरुणानं, बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव करता यावा म्हणून, एका रांगेत चाकं असलेल्या जुन्या बुटांना नवं रूप दिलं. रोलरब्लेड हे नाव तिथून आलं. म्हणजे इनलाइन बूट हे मुळात हॉकीचंच अपत्य, खेळ नंतर त्यावर उभा राहिला.

महाराष्ट्रातही चाकांच्या बुटांचा इतिहास आता नाव घेण्याजोगा आहे. पुण्याच्या राजू दाभाडे या क्रीडाशिक्षकांनी २००३ साली रोलबॉल हा खेळ तयार केला, चाकांवर धावत हातानं चेंडू खेळायचा, आणि २०११ साली त्याचा पहिला विश्वचषक पुण्यातच झाला. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे दोघे महाराष्ट्राचे.

या सगळ्यांच्या पायात, चाकं रांगेत असोत वा चौकोनात, बहुतेक एकच बेअरिंग असतं. त्याचं नाव ६०८. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७, आणि आत सात छर्रे. हे मुळात बुटांसाठी बनलेलंच नाही. हातड्रिल, छोट्या मोटारी अशा शेकडो ठिकाणी ते बसतं. २०१७ साली घरोघरी पोरांच्या बोटांवर फिरणारा फिजेट स्पिनर आला होता, त्याच्या मध्यभागी हेच होतं. एका चाकात दोन, एका बुटाला चार चाकं, दोन बूट. सोळा बेअरिंगं.

लढाई, जयपूर आणि लाकडी गाडी

विसाव्या शतकात बेअरिंग ही किती मोलाची वस्तू झाली होती ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. फिशरच्या श्वाइनफुर्टमध्येच जर्मनीचे मुख्य बेअरिंग कारखाने होते. ते उडवायला अमेरिकेनं १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ला विमानं पाठवली. ऑगस्टच्या दिवशी, रेगेन्सबुर्गवरचा जोडहल्ला धरून, साठ बॉम्बफेकी विमानं पडली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा साठ. तिकडे ब्रिटन स्वीडनहून बेअरिंगं विमानानं चोरून आणत होता. याच वाटेनं, मॉस्किटो विमानाच्या बॉम्ब ठेवायच्या पोकळीत बसवून, ऑक्टोबर १९४३मध्ये नील्स बोर यांना ब्रिटनला नेलं. अणुशास्त्रज्ञ आणि छर्रे एकाच मार्गानं गेले, इतकी छर्‍यांची किंमत होती.

भारतात १९४६ साली जयपूरला बिर्लांचा बेअरिंग कारखाना स्थापन झाला. एनबीसी हे नाव आजही ट्रक दुरुस्तीच्या दुकानांत दिसतं. १९६०च्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफचा आणि बडोद्याजवळ एफएजीचा कारखाना आला. एफएजी म्हणजे त्याच फिशरच्या कारखान्यातून वाढलेली कंपनी.

कारखाने आले, गाड्या वाढल्या, आणि गॅरेजच्या बाहेर निकामी बेअरिंगं पडू लागली. त्यातून मराठी मुलांचा एक खेळ जन्मला, ज्याची नोंद कुठल्या क्रीडा महासंघानं घेतली नाही: बेअरिंगची गाडी. एक फळी, पुढे एक आडवं लाकूड, त्याला दोरी, आणि खाली तीन किंवा चार जुनी बेअरिंगं. चाक वेगळं नाहीच, बेअरिंगचं बाहेरचं कडंच रस्त्यावर धावतं. डांबरी उतारावर तिचा खरखराट आळीभर ऐकू जायचा. शहरातल्या चाळींत आणि गावातल्या उतारांवर एक पिढी या गाडीवर वाढली. माझ्या मते महाराष्ट्रातलं चाकांच्या खेळाचं पहिलं प्रशिक्षण हेच.

त्या मुलांना बेअरिंग कसं निवडायचं ते नेमकं माहीत होतं. गॅरेजवाल्यानं टाकलेल्या ढिगातून एकेक उचलायचं, आतलं कडं बोटांत धरून बाहेरचं हळू फिरवायचं. हाताला कचकच लागली तर टाकून द्यायचं. गुळगुळीत फिरलं तर रॉकेलमध्ये धुऊन घ्यायचं. सायकल दुकानातही हीच परीक्षा होती. मागच्या चाकात दर बाजूला पाव इंची नऊ छर्रे, कप-कोन, ग्रीस, आणि आटे आवळताना हाताला कळणारी ती एक जागा जिथे चाक हलतही नाही आणि अडतही नाही. कुणी कुणाला आकडा विचारत नसे.

एबेक म्हणजे काय मोजतात

एबेक हे अमेरिकेतल्या बेअरिंग उत्पादक संघटनेच्या एका समितीच्या नावाचं लघुरूप. तिनं बेअरिंगच्या अचूकतेच्या पाच पायऱ्या ठरवल्या: १, ३, ५, ७, ९. आकडा मोठा तितकी मापातली सूट कमी. भोकाचा व्यास किती चुकला तर चालेल, कडं फिरताना किती डगमगलं तर चालेल, एवढंच यात येतं.

६०८च्या आकाराला आतल्या कड्याच्या डगमगण्याची सूट एबेक १ला १० मायक्रॉन, ५ला ४, ७ला अडीच आणि ९ला दीड. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. भाचीच्या प्रश्नातला सात आणि नऊ यांमधला फरक एक मायक्रॉन. ज्या पॉलियुरेथेनच्या चाकात ते बेअरिंग बसणार, ते चाक स्वतःच याच्या कितीतरी पट वेडंवाकडं असतं, आणि दोन सामन्यांनंतर एका अंगानं झिजतं.

एबेकमध्ये जे येत नाही त्याची यादी मोठी आहे. पोलाद कसलं, छर्रे किती गुळगुळीत, आत किती मोकळीक, पिंजरा कशाचा, ग्रीस कुठलं, झाकण कसलं, यांतलं काहीही त्या आकड्यात नसतं. एबेक ९ची गरज मशीन टूलच्या स्पिंडलला असते, जिथे मायक्रॉनची चूक तयार मालात उतरते. बुटांच्या बेअरिंगांत नाव असलेल्या बोन्स कंपनीनं तर हा आकडा छापायचं सोडून 'स्केट रेटेड' असा स्वतःचा शब्द ठेवला.

आता दोन साधी गणितं. हॉकीच्या बुटाचं चाक ७६ मिलिमीटरचं धरू. ताशी ३० किलोमीटर हा जोरदार वेग. त्या वेगाला चाक मिनिटाला साधारण २१०० फेरे घेतं. धातूच्या झाकणाच्या चांगल्या ६०८ची वेगमर्यादा कॅटलॉगमध्ये मिनिटाला ३० हजार फेऱ्यांच्या वर असते. घासणाऱ्या रबरी झाकणाची मर्यादा बरीच कमी, पण तीही या वेगाच्या कितीतरी पुढे. म्हणजे जोरात धावणारी मुलगी बेअरिंगच्या क्षमतेचा दहावा भागही वापरत नाही.

भार घेऊ. खेळाडू ६० किलोची, एका पायावर उभी. चार चाकं, आठ बेअरिंगं, प्रत्येकावर साडेसात किलो. उडी मारून एकाच चाकावर आली आणि आपटण्याचा जोर सोडून दिला, तर तीस किलो. स्थिर भाराची मर्यादा शंभर किलोच्या वर असते. बेअरिंगच्या आयुष्याचा नियम सांगतो की भार निम्मा झाला तर आयुष्य आठपट होतं. इतक्या कमी भारावर हे आयुष्य खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षा मोठं निघतं.

वेगानं मरत नाही, भारानं मरत नाही. तरी वर्षभरात बेअरिंगं खरखरतात, अडतात. का?

वाळू, खारं वारं आणि पाणी

याचं उत्तर रेवदंड्यात राहणाऱ्याला फार शोधावं लागत नाही. इथे खिडकीचे गज गंजतात, पंख्याची पाती गंजतात, सायकलची साखळी एका पावसाळ्यात तांबूस होते. बेअरिंगच्या पोलादाला 'क्रोम स्टील' म्हणतात म्हणून ते गंजत नाही असं वाटतं, पण त्यात क्रोमियम जेमतेम दीड टक्का असतं. स्टेनलेस व्हायला दहा टक्क्यांच्या वर लागतं. मिठाच्या हवेत, एका थेंब पाण्यानं, खोबणीवर गंजाचा ठिपका पडतो, आणि त्यावरून जाणारा प्रत्येक छर्रा तो ठिपका मोठा करत जातो.

दुसरा शत्रू धूळ. वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ साध्या पोलादाला सहज ओरखडतं. कडक केलेल्या बेअरिंगच्या पोलादालाही ते सोडत नाही. चार मिलिमीटरच्या छर्‍याखाली वाळूचा कण आला की खोबणीत खड्डा पडतो. रहाटाच्या उघड्या लाकडी सांध्यात वाळू आली तशी गेली. बंदिस्त पोलादी बेअरिंगमध्ये ती आली की राहते. अचूकता वाढली तशी घाण सोसायची ताकद कमी झाली, हा या सगळ्या प्रगतीचा मोबदला.

तिसरं कारण बसवण्यातलं. हॉकीत खेळाडू आडवी घसरत थांबते, तेव्हा चाकावर बाजूनं जोर येतो. दोन बेअरिंगांच्या मधे योग्य लांबीची नळी, म्हणजे स्पेसर, नसेल तर आस आवळताना आतली कडी एकमेकांकडे खेचली जातात आणि छर्रे खोबणीच्या काठावर चढतात. हातोडीनं ठोकून बसवलेलं बेअरिंग तर पहिल्या दिवसापासूनच जखमी असतं.

मग निवड कशी करायची? बंद सभागृहात, स्वच्छ फरशीवर खेळणाऱ्यानं एका बाजूनं झाकलेली, हलक्या तेलाची बेअरिंगं घ्यावीत. ती धुवायला सोपी पडतात. आपल्याकडे बरेचसे रिंक उघड्यावर आणि सिमेंटचे. तिथे दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं, ग्रीस भरलेलं बेअरिंग बरं. त्यावर '२आरएस' असं लिहिलेलं असतं. 'झेडझेड' म्हणजे धातूचं झाकण, त्याला फट असते आणि बारीक धूळ आत जाते. झाकण टाचणीनं निघणारं हवं, म्हणजे उघडून साफ करता येतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यानं स्टेनलेसचा विचार करावा. ते पोलाद थोडं मऊ असतं, पण आपल्या भाराला पुरेसं आहे. सिरॅमिकचे छर्रे गंजत नाहीत हे खरं, पण बहुतेक वेळा कडी पोलादाचीच असतात, आणि ती गंजतात.

दुकानात चाकाला टिचकी मारून ते किती वेळ फिरतं हे दाखवतात. त्यावर जाऊ नये. भार नसलेलं, जवळजवळ कोरडं बेअरिंग सगळ्यात जास्त वेळ फिरतं आणि सगळ्यात आधी मरतं. ग्रीस भरलेलं लवकर थांबतं, कारण ते नवीन ग्रीस ढकलत असतं. त्यापेक्षा बोटांत धरून हळू फिरवून पाहावं, बेअरिंगच्या गाडीवाली मुलं पाहायची तसं. नाव असलेल्या कंपनीचं, ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्यावं, कारण नकली मालावर सर्वात मोठा आकडा छापायला काहीच खर्च येत नाही.

आणि उरलेल्या पैशांत चार जादा बेअरिंगं, ग्रीसची छोटी ट्यूब आणि थोडं रॉकेल आणावं. महिना-दोन महिन्यांनी झाकण काढून धुवायचं, पूर्ण सुकवायचं, एकतृतीयांश जागा भरेल एवढंच ग्रीस घालायचं. भिजलेले बूट तसेच पिशवीत ठेवायचे नाहीत. चाकांची आतली बाजू जास्त झिजते, म्हणून चाकं अधूनमधून उलटसुलट करायची.

भाचीला मी लिहिलं ते एवढंच: "आकडा बघू नकोस, झाकण बघ. पाच पुरे, दोन्ही बाजूंनी रबर, आणि स्पेसर आहेत का ते मोजून घे." तिनं तसं केलं. वाचलेल्या पैशांत तिच्या संघातल्या एका मुलीची सोळाही बेअरिंगं आली. तिच्या घरी नऊच्या आकड्यासाठी पैसे साठेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, आणि तोवर ती खरखरणाऱ्या चाकांवर खेळत होती. हा खेळ आधीच महाग आहे. एका मायक्रॉनच्या किमतीनं तो कुणाच्या आवाक्याबाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी तरी हा इतिहास माहीत असलेला बरा.